रिकाम्या गाडीची उंची

९ फेब्रुवारी

मिस्त्री,

पत्राच्या वरती जे काही लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज आणि पुढे वाच. फोन का नाही केला ते विचारू नकोस. तुझ्या शेडमधल्या ठोकाठोकीत तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू नुसतं 'हं हं' करतोस. माझा प्रश्न 'हं हं'चा नाही.

मोठी गाडी घेऊ का?

टेम्पो थकलाय. मीही थकलेय, पण मला विकत कोण घेणार. गोदामात नवीन मॅनेजर आलाय. त्याने सांगून टाकलंय की पावसाळा संपला की मोठा फेरा फक्त मोठ्या गाड्यांना. टेम्पोवाल्यांना उरलंसुरलं. फुटलेली फरशी बदलून दे, विसरलेला खोका पोचव, असलं. म्हणजे एक तर वर चढायचं, नाही तर खरकटं उचलायचं.

परवा एक दहाचाकी बघून आले. नुसती चासी. पुढे केबिन आणि मागे उघडी सळसळीत लोखंडी फ्रेम, बॉडी अजून बांधायचीय. विकणारा पोरगा म्हणाला, "बसून बघा ताई." चढले. एवढ्या उंचावरून जग कसलं गरीब दिसतं रे! सीटखालचा खटका ओढला तर सीट अशी सुळ्ळकन पुढे आली. माझ्या टेम्पोची सीट तुला माहितीय, गंजून पुढेच अडकलीय, माझ्याशिवाय कुणाला तिथे बसताच येत नाही. तर त्या सीटवर बसले, क्लच दाबला, आणि उतरावंसंच वाटेना.

भीती वाटते. डाव्या बाजूचं काही दिसत नाही. मागे घेताना दहा जण दहा दिशांना हात करणार. चाक बदलायचं म्हटलं तर ते माझ्या छातीएवढं. रोज घरी यायची सवय मोडणार. माझी खोली पंक्चरवाल्याच्या दुकानावर आहे, जिना लोखंडी, आत एक खाट, एक खुर्ची. पण रात्री पाठ टेकायला ती माझी आहे.

आणि खरं कारण आता लिहिते. मोठा फेरा सध्या दादाकडे आहे. मला तो हवाय. म्हणजे, फेरा हवाय हे अर्धं. दादाकडून काढून हवाय हे उरलेलं अर्धं.

बॉडी तू बांधशील ना? आणि घेऊ का, ते सरळ सांग.

धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि 'जग कसलं गरीब दिसतं'ला दोघं हसलो.

सरळ सांग म्हणालीस म्हणून सरळ सांगतो. नको घेऊस.

बॉडी मी बांधीन, डोळे झाकून बांधीन, तो प्रश्न नाही. पण मोठी गाडी माफ करत नाही. टेम्पोत चूक झाली तर भिंतीला घासतो, दोन शिव्या खातो, विषय संपला. दहाचाकीत चूक झाली तर लोक गोळा होतात. आणि राग मानू नकोस, मी तुला लहानपणापासून ओळखतो, तुला झोप आवरत नाही. काकांची गाडी गेली ती त्यातच ना? भर दुपारी डुलकी लागली तुला. तेव्हा वय लहान होतं, नशीब चांगलं होतं, दोघं भावंडं वाचलात. आता लांबचे फेरे, एकटी. माझा जीव होत नाही.

तुझ्या दादाशी, थोरल्याशी, वाकडं कशाला धरतेस? इतकी वर्षं झाली. तो तुझ्याबद्दल कधी वाईट बोलत नाही. उलट म्हणतो, "बिचारी आहे, संभाळून घ्यायचं."

सध्या शेडमध्ये एका मोठ्या बॉडीचं काम चालू आहे. कुणाचं ते विचारू नकोस. ते संपलं की निवांत बोलू.

तुझा मावसभाऊ मिस्त्री


२२ फेब्रुवारी

मिस्त्री,

'बिचारी आहे, संभाळून घ्यायचं.' हे वाक्य मी कागदावरून नखाने खरवडून काढायचा प्रयत्न केला. कागद फाटला. तेवढा भाग वगळून तुझं बाकीचं पत्र जपून ठेवलंय.

आता ऐक. हे मी आजपर्यंत कुणाला लिहिलेलं नाही.

गाडी दादा चालवत होता.

मी शेजारी बसले होते, खिडकीला डोकं लावून, पण जागी होते. बाहेर ऊन इतकं की रस्ता पांढरा दिसत होता. गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं, समोर काही असेल म्हणून घेतोय. मग बघितलं तर त्याची हनुवटी छातीवर. मी किंचाळले. तोवर बाबांची गाडी खड्ड्यात आडवी झाली होती आणि वरची चाकं नुसतीच फिरत होती.

बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलला माहितीय? "लागलं का तुला" नाही. "तू होतीस म्हणून सांग." त्याचं लायसन्स आधीच एकदा अडकून सुटलं होतं, दुसऱ्यांदा गेलं असतं तर परत मिळालं नसतं. "तुझं पहिलंच आहे, सोडून देतील." घरी आई म्हणाली, चार दिवसांचा प्रश्न आहे, तुझ्या भावाचं पोट आहे त्याच्यावर. मी गप्प बसले. चार दिवस अजून संपायचेत.

बाबा अंथरुणावर होते. त्यांनी मला एकदाच विचारलं. "झोप येत होती तर बाजूला का नाही घेतलीस गं?" दादा दारात वाकून बूट बांधत होता. एका बुटाची नाडी बांधायला माणसाला किती वेळ लागतो? तो बांधतच होता. मी म्हटलं, "चुकलं बाबा." ते भिंतीकडे वळले. त्यानंतर माझ्याशी गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांना गाडीशिवाय दुसरं बोलायला होतं काय? गेले ते तसेच.

आणि एक. गाडी उचलायला गोदामातली माणसं आली होती, मुकादम होता, हमाल होते. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती. दादाच्या पायांची लांबी तुला माहितीय, बसमध्ये त्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत जातात. त्या सीटवर बसून माझा पाय क्लचला पोचलाच नसता. कुणीही नुसतं आत डोकावलं असतं तरी कळलं असतं. मला वाटायचं, कुणीतरी डोकावेल.

गोदामात माझं नाव काय आहे माहितीय तुला? डुलकी. "डुलकी आली." "डुलकीला मागे लाव." "डुलकीबाई, आज झोप झाली का?" नवीन मॅनेजरलासुद्धा पहिल्याच दिवशी कुणीतरी शिकवलं. त्याला मी मोठ्या फेऱ्याचं विचारलं तर हसला आणि म्हणाला, मोठी गाडी आणि तुम्ही?

तर मला दादाचं लायसन्स नकोय. मला एवढंच हवंय की त्याने त्याच आवारात, त्याच माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावं. कसं ते मला माहीत नाही. मोठी गाडी घेतली, फेरा काढून घेतला, की कधीतरी त्याला माझ्या दारात यावं लागेल असं वाटलं होतं.

आता सांग, माझी डुलकी आणि तुझा सल्ला.

धाकटी


३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. पुढचं मी एकट्याने वाचलं. मग दिवसभर एकही ठोका सरळ बसला नाही.

मी काय लिहू? मला थोरल्याने सांगितलं, मावशीने सांगितलं, सगळ्या घराने सांगितलं. सल्ला मागे घेतो. तेवढा फाटलेला तुकडाही मागे घेतो.

आता तुला सांगायलाच हवं. शेडमधली मोठी बॉडी त्याचीच आहे. त्याने बारा चाकांची घेतलीय. तू वर चढायचं म्हणतेयस हे त्याला कुठून तरी कळलं असणार, कारण पहिल्याच दिवशी म्हणाला, "अशी बांध की दुसरी गाडी शेजारी उभी राहायला लाजली पाहिजे." बंद बॉडी, वरपर्यंत पत्रा, जेवढी उंच होईल तेवढी. येताना जड गोण्या, जाताना हलका माल, गाद्या, फोम. हलका माल जागा खातो म्हणून उंची हवी.

आता गंमत बघ. गोदामाच्या फाटकावर तो आडवा सिमेंटचा बीम आहे ना, त्याचं माप त्याने आणलंय. कसं घेतलं? जुनी गाडी भरलेली असताना बीमखाली उभी केली, टप आणि बीम यात किती जागा उरते ते मोजलं, आणि म्हणाला, नवी गाडी बीमच्या खाली दोन बोटं राहील इतकी उंच कर.

भरलेली गाडी, धाकटे. भरलेली गाडी खाली बसते. खालचे स्प्रिंगचे पाटे वजनाने दबतात. माल उतरला की पाटे सुटतात आणि गाडी वर येते. आणि या शहाण्याने जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटे टाकून घेतलेत. म्हणजे ही गाडी भरून आत जाईल. रिकामी बाहेर येणार नाही.

हे मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. सांगणार होतो. मग तुझं पत्र आलं.

तरी सांगतो मी त्याला. एकदाच. माझ्या बॉडीवर मागे माझं नाव रंगवलेलं असतं. एकदा विचारीन, ऐकलं तर त्याचं नशीब.

मिस्त्री


७ मार्च

मिस्त्री,

विचारू नकोस.

हात जोडते. नाही, हात जोडत नाही, तुझ्या लहानपणीच्या सगळ्या चोऱ्या वहिनीला लिहून कळवीन. विचारू नकोस. त्या फाटकातून गाड्या माणसाच्या चालीने जातात, राखणदार बाजूला चालत असतो. कुणाला इजा होणार नाही. पत्र्याला पोचा येईल आणि त्याला येईल. त्याने बूट बांधले तसे तू ठोके मार. खाली मान घालून.

धाकटी


२० मार्च

धाकटे,

विचारलं.

शिव्या नंतर दे, आधी ऐक. मी माझ्यासाठी विचारलं. तो शेडमध्ये आला होता, खुर्ची उलटी करून बसला, चहा घेत होता. मी म्हटलं, "थोरल्या, हे माप भरलेल्या गाडीचं की रिकाम्या?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू पत्रा बोलायला लागलाय. म्हणाला, "तू हातोडा मार. डोकं मी लावतो." मी म्हटलं, "रिकामी वर येते." तो म्हणाला, "मी या धंद्यात किती वर्षं आहे? मला शिकवू नकोस."

मी तिथेच थांबलो असतो. पण तो उठताना हसत म्हणाला, "डुलकीपण मोठी गाडी घेतेय म्हणे. तिच्या गाडीत सीटऐवजी खाट टाकून दे."

धाकटे, त्यानंतर मी जे रिबिट मारले ना, तसे आयुष्यात मारले नाहीत. एकही वाकडा नाही. त्याने सांगितलेल्या मापात केसाइतका फरक नाही. जे मागितलं ते दिलंय. शेडमधली पोरं म्हणाली, मिस्त्री आज खूश दिसतायत.

गाडी पुढच्या आठवड्यात निघतेय. मागे माझं नाव नेहमीपेक्षा मोठं रंगवलंय. कुणी विचारलंच तर कळू दे.

मिस्त्री


२ एप्रिल

मिस्त्री,

आली. उंच आहे. हलकटासारखी छान बांधलीयस.

पण आवारात अजून गेलेली नाही. लांबच्या फेऱ्यांना लावलीय, लोकांना दाखवत फिरतोय. मी रोज फाटकापाशी टेम्पो उभा करून बीमकडे बघते. राखणदार म्हणाला, "काय बघता, घरटं आहे का वर?" म्हटलं, व्हायचंय.

डबाही तिथेच खाते आता.

धाकटी


२६ एप्रिल

मिस्त्री,

बस. खुर्चीवर बस. वहिनीलाही बसव. हे मोठ्याने वाचायचं पत्र आहे.

मंगळवारी सकाळी टेम्पोत फरश्या भरून मी बाहेरून फाटकापाशी आले. पलीकडच्या दुकानात पोचवायच्या होत्या, पण आधी आतून एक कागद सही करून घ्यायचा होता. मला नेहमीप्रमाणे थांबवलं. "डुलकी, मागे घे, मोठी गाडी बाहेर येतेय." म्हटलं, कुणाची? "तुझ्या दादाची. पहिलाच फेरा."

मी मागे घेतला नाही. इंजिन बंद केलं.

आतून आली ती. भरून आत जाताना बीमखालून दोन बोटांनी सुटली होती म्हणे, दादाने खिडकीतून हात काढून बीमला टाळी दिली होती. आता रिकामी. केबिन बीमखालून बाहेर आली, आणि मग एक आवाज झाला. मोठा नाही. पत्र्याचं पिंप कुणी हळूच लाथाडावं तसा. गाडी थांबली. दादाने अ‍ॅक्सिलरेटर दिला. मिस्त्री, तू ती बॉडी काय बांधलीयस! हलली नाही. अजून दिला तर करकचून बीमखाली रुतली. आता पुढेही नाही आणि मागेही नाही. तोंड बाहेर, धड आत. फाटक बंद. आत गाड्या, बाहेर गाड्या, आणि हॉर्न.

दादा उतरला. वर बघितलं. मग खाली बघितलं. मग परत वर. मला त्याचा चेहरा कळत होता. तो मनात 'भरलेली की रिकामी' म्हणत होता.

चाकांची हवा काढली थोडी थोडी. गाडी बसली, पण जादा पाटे ना! अजून दोन बोटं कमी. "अजून काढा." "अजून काढली तर टायर रिममधून सुटतील." मुकादम म्हणाला, वजन टाका, गोण्या परत चढवा. मॅनेजर ओरडला, नोंद झालेली एकही गोणी बाहेर जाणार नाही. मुकादम म्हणाला, मग माणसं चढवा. सगळे हमाल, सगळे रिकामे ड्रायव्हर मागे चढले. शिडीने, एकमेकांच्या खांद्यावरून, जथेच्या जथे. गाडी एक बोट बसली. एक बोट उरलं.

तेवढ्यात मुकादमाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अरे, डुलकीकडे फरश्या आहेत की!"

सगळे वळले. मी टेम्पोच्या दारात पाय हलवत बसले होते.

दादा आला. आवाज एकदम घरचा. "धाकटे, फरश्या टाक जरा मागे. बाहेर निघाली की परत भरून देतो."

म्हटलं, "देते की. एक सांग आधी. बाबांची गाडी खड्ड्यात गेली तेव्हा कोण चालवत होतं?"

"आत्ता? हे आत्ता काढायचं?"

"मला घाई नाही. मी काय, डुलकी घेईन."

कुणीतरी हसलं. मॅनेजर घड्याळ दाखवत होता, मागून हॉर्न चालू होते, वर बॉडीच्या मागच्या दारातून माणसं माना बाहेर काढून बघत होती. दादा हळू आवाजात म्हणाला, "आपण घरी बोलू. आईसमोर बोलू."

म्हटलं, "आईला माहीत आहे. यांना सांग."

"दोघंही दमलो होतो..."

"कोण चालवत होतं, दादा?"

मग बोलला. आधी पुटपुटला. मी कानाला हात लावला. मग मोठ्याने म्हणाला, "मी. मी चालवत होतो. मला झोप लागली. ती शेजारी बसली होती. झालं?"

मिस्त्री, या क्षणाची मी इतकी वर्षं वाट बघितली. झोपताना शंभर वेळा रचलाय मनात. सगळे गप्प होतील, कुणीतरी 'अरेरे' म्हणेल, कुणाची तरी मान खाली जाईल.

मुकादम म्हणाला, "हे काय नवीन आहे का? सीट मागे होती की. आम्ही तेव्हाच बघितलं."

आणि वरून एक हमाल म्हणाला, "हो, मी पण बघितलं होतं. चला आता, ऊन लागतंय."

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. ज्यांनी मला डुलकी म्हटलं, त्यांना मी झोपले नव्हते हे माहीत होतं. डोकावले होते रे. सगळे डोकावले होते.

मी टेम्पोतून उतरले आणि दादाला म्हटलं, "फरश्या चढवा. पण माझ्या फरश्या मी तुझ्या हातात देणार नाही. गाडी मी काढणार. तू माझा टेम्पो बाजूला घे आणि मागून ये."

"तुला ही गाडी..."

"मग राहू दे अडकलेली."

फरश्या दादाने स्वतः उचलल्या. दोन दोन करून. मागचं दार मी बाहेरून लावलं आणि केबिनमध्ये चढले. सीट पार मागे होती. खटका कडक, दोन्ही हातांनी ओढला. सीट पुढे आली. पाय पोचले.

मागे ओझं बसलं, पत्रा बीमला घासत कुरकुरला, आणि एवढीशी फट दिसली. पहिल्या गियरमध्ये, श्वास धरून, मी ती बाहेर काढली. मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बास बास, थांबव, उतरू दे!"

थांबवली नाही.

सावकाश, मऊ पडलेल्या टायरांवर, मी ती गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मागून बॉडीच्या पत्र्यावर आधी थाप पडली, मग बुक्क्या. "ए डुलकी! ए बाई! ए ताई!" ताईपर्यंत आले, तरी थांबले नाही. वजनकाट्याच्या पुढे, पार त्या बंद पडलेल्या पंपाच्याही पुढे, फरश्यांच्या दुकानासमोर जाऊन थांबवली. उतरले, मागचं दार उघडलं. घामाने भिजलेली सगळी तोंडं. म्हटलं, "फरश्या उतरवा. दुकानात नीट रचा. एक जरी फुटली तरी दार परत लावीन." माझा माल हे लोक नेहमी शेवटी उतरवायचे. मंगळवारी माझाच माल पहिला उतरला. मग म्हटलं, "आता चालत जा. ऊन आहे, झोप लागणार नाही."

आणि मग मागून माझा टेम्पो आला. त्यात दादा. सीट पुढेच अडकलेली, तुला माहितीय. गुडघे कानाला लागलेले, स्टिअरिंग पोटात रुतलेलं, मान तिरकी. दार उघडल्यावर त्याला बाहेर पडता येईना. हमाल ते बघून इतके हसले, इतके हसले. टेम्पोत मागे बसून आलेला मुकादम म्हणाला, "अडकूशेठ, बाहेर ओढू का?"

आता तेच नाव चाललंय. अडकूशेठ.

मी हसले नाही. किल्ल्या बदलल्या आणि निघाले. त्याच्या गाडीची सीट पुढेच ठेवून आले.

धाकटी


६ मे

धाकटे,

वहिनीने तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, शेजारणीने पोरांना. शेडमध्ये आता कुणी काम मागे ठेवलं की पोरं म्हणतात, 'दार परत लावीन.'

थोरला तीन दिवसांपूर्वी गाडी घेऊन आलाय. टप कापून खाली घ्यायचाय. माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. बीमने पत्र्याला पोचा पाडलाय, पण सांधा एक निखळलेला नाही, हे तुझ्या माहितीसाठी. मी म्हटलं, करू, पण रांग आहे. म्हणाला, किती दिवस? म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. ते कुठून आलं ते त्याला बरोबर कळलं. तेव्हापासून शेडच्या बाहेर दगडावर बसून असतो. पोरं चहा देतात, आधी सगळ्यांना, मग त्याला.

आता एक विचारतो, राग मानू नकोस. आधीच्या वेळी असंच म्हणून फसलो होतो, तरी विचारतो. जे हवं होतं ते झालं. तो बोलला, सगळ्यांसमोर बोलला. आता मोठ्या गाडीची गरज आहे का? भीती तुझी तू लिहिली होतीस, डावी बाजू, ते छातीएवढं चाक, रोजची खोली. सूड घ्यायला गाडी हवी होती, तो तर टेम्पोतून उतरून घेतलास. उगीच ओढून ताणून वर चढू नकोस. हवी असेल तर मी आहेच.

मिस्त्री


१२ मे

मिस्त्री,

आईचा फोन आला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "झालं का समाधान?"

तिला उत्तर दिलं नाही. तुला देते. नाही झालं.

मला वाटायचं, कुणाला माहीत नाही म्हणून मी डुलकी आहे. एकदा कळलं की संपेल. पण त्यांना कळलेलंच होतं. दादाने एकदा खोटं सांगितलं, यांनी ते रोज सांगितलं, दात काढत, खरं माहीत असताना. आणि ज्या एकाला खरंच माहीत नव्हतं, तो भिंतीकडे तोंड करून गेला. त्याला कुठल्या फाटकात गाठू?

म्हणून मोठी गाडी घेणार आहे. आता विचारत नाही, सांगतेय. मॅनेजरकडे गेले होते. "पावसाळ्यानंतर मोठ्या फेऱ्याला माझी दहाचाकी लागेल," म्हटलं. त्याने "डु..." म्हणायला तोंड उघडलं आणि "बघतो, ताई" म्हणून मिटलं. बघतो नाही, म्हटलं, लिहून घ्या. लिहून घेतलं. फेरा दादाचाच जाणार. टप कापून तो येईल तेव्हा माझ्या मागे उभा राहील, आणि मी फाटकात निवांत आरसा नीट करीन. मुकादमाच्या हमालांना रोज माझा माल उतरवावा लागेल. रोज. त्यांनी मला जेवढी वर्षं मागे लावलं, तेवढी वर्षं मी पुढे उभी राहणार आहे. डावी बाजू दिसायला शिकेन. खोलीला कुलूप लावून जाईन, ती कुठे पळत नाही.

चासी उद्या तुझ्याकडे निघतेय, मीच घेऊन येतेय. दगडावर जो बसलाय त्याला उठवू नकोस, बघू दे. माझी आधी घे, मग त्याची.

बॉडी साधी कर. उघडी, बुटकी. माप रिकाम्या गाडीचं घे.

आणि एक काम आहे, त्यावर वाद घालू नकोस. सीट माझ्या मापाला पुढे घे, पाय क्लचला नीट पोचले की खटका काढून टाक आणि दोन्ही बाजूंनी वेल्डिंग मार. पक्कं. तू म्हणशील, उद्या ड्रायव्हर ठेवायचा झाला तर? नाही ठेवणार. विकायची झाली तर? नाही विकणार. आजारी पडलीस तर? उभी राहील.

परत कधी खड्ड्यात गेलीच, तर कोण चालवत होतं ते कुणाला डोकावून बघायला लागू नये.

धाकटी